वाघदेवाच्या रानाची मोजणी

आशागड,
सोमवार, दुपार

प्रिय कल्पिता,

शुक्रवारी तुझा फोन आला तेव्हा तू इतकी आनंदात होतीस की मला 'हं' आणि 'बरं' याखेरीज काही सुचलं नाही. "गुरुजी, कंपनीने स्वतःहून हस्ताक्षरतज्ज्ञ मागितलाय! गुरुवारी कोर्ट मूळ तक्ता मागवून घेईल. अहवाल आला की त्यांचं पितळ उघडं." मग मध्येच थांबून तू विचारलंस, "ऐकताय ना? तुमच्याकडे रेंज नसेल बहुतेक." मी म्हटलं, नसेल. रेंज चांगली होती, कल्पिता. आशागडला हल्ली सगळीकडे रेंज असते.

गुरुवारला आता मधे दोनच दिवस उरले. त्या दिवशी कोर्टाची स्थगिती संपते. ती वाढली नाही तर करंजपाड्याचं सरकारी जंगल तोडायला ठेकेदाराला कुणी अडवू शकणार नाही, आणि पहिली मशीन वाघदेवाच्या रानात शिरेल, कारण कंपनीच्या गोदामांकडे जाणारा रस्ता तिथूनच काढायचा आहे. उधव्याच्या नाक्यावर त्याचे तीन ट्रक आणि एक जेसीबी महिनाभर उभे आहेत. लाकूड कापायच्या मशिनी ताडपत्रीखाली झाकलेल्या. ठेकेदाराचा मुनीम रोज सकाळी रानाच्या कडेला येतो, मोटरसायकलवरून उतरतही नाही. नवशी आणि पाड्यावरच्या बाया तिथे पाळीपाळीने राखण बसतात ना, त्यांच्यासमोर तो आपल्या तक्त्याची झेरॉक्स फडकावतो. "आ जुओ मासी, कागळमां तो एक पण झाड नथी. तो पछी राखण शेनी करो छो?" कागदात एकही झाड नाही, मग राखण कशाची? नवशी त्याला सुनावते, "मंग तू मशीन काय गवत कापाया आणलीस रे?" बाया हसतात. तो गेला की मात्र कुणी कुणाकडे बघत नाही. गावाला कळतं, की हसू आपल्याकडे आहे आणि कागद त्याच्याकडे.

तुझा फोन ठेवून मी ओट्यावर येऊन बसलो. डोळ्यांपुढे काय आलं असेल? वाढवणची शाळा. सातवीचा वर्ग, खिडकीतून समुद्राचा वारा आणि वाळत घातलेल्या बोंबलांचा वास एकदमच आत यायचा, आणि मी त्या वाऱ्याच्या वरच्या पट्टीत कविता म्हणायचो. तुम्ही मुली दप्तरावर ताल धरायचात. डहाणूला पाठांतर स्पर्धेला तुला नेलं होतं, आठवतं? तुझी आई, मैनाबाई, मासळीची पाटी बाहेर ठेवून मागच्या रांगेत बसली होती. चौथ्या कडव्यात तू थांबलीस. मी पडद्यामागून ओठ हलवून दमलो, तू वळून बघितलंच नाहीस. परीक्षकांना म्हणालीस, "मला पुढचं येत नाही." नमस्कार केलास आणि खाली उतरलीस. मी आठवडाभर तुझ्याशी धड बोललो नाही. अगं, लय तोंडात होती, काहीतरी जुळवून म्हणायचं! मैनाबाई मला म्हणाली, "नाय येत तर नाय येत सांगितलं पोरीनी. चोरी थोडीच केली, गुरुजी?" तेव्हा मला ते बाईचं अडाणीपण वाटलं होतं.

बघ, मी पुन्हा भरकटलो. मुद्दा गेल्या वर्षीचा आहे. तू तेव्हा या प्रकरणात नव्हतीस, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

जंगलाचा हा तुकडा कंपनीकडे वळता करायची नोटीस आली तेव्हा ग्रामसभेने हरकत घ्यायचं ठरवलं. नुसती हरकत घ्यायची नाही, आपली झाडं आपणच मोजून तक्ता जोडायचा. उद्या कुणी शंभराची दहा दाखवू नयेत म्हणून. निवृत्त झाल्यापासून वनहक्क समितीचं दप्तर मीच लिहीत आलोय, दोन गाड्या बदलून इथून तिकडे जातो, तेव्हा हे कामही माझ्याकडेच आलं. तीन आठवडे आम्ही रानात होतो. बाया खोडावर चुन्याचा ठिपका द्यायच्या आणि नाव ओरडायच्या: ऐन! हेद! मोह! खैर! पुन्हा ऐन! मी लिहायचो. चाळीस वर्षं फळ्यावर लघुगुरूच्या खुणा करून वृत्तं शिकवली, पण असा नादाचा पाठ कधी ऐकला नव्हता. दोन अक्षरं, मधे पानांची सळसळ, पुन्हा दोन अक्षरं. कधीकधी मी ऐकत राहायचो आणि लिहायचं राहून जायचं. "गुरुजी, झोपलात काय?" नवशी विचारायची.

तक्त्यात जंगलाचे पाच भाग होते, अ ते इ. अ आणि ब झाले. क भागाच्या कडेला येऊन सगळे थांबले. हेच वाघदेवाचं रान. सहा-सात एकर असेल. आत शिरलं की ऊन खाली येता येता हिरवं होतं. मधोमध शेंदूर लावलेला लाकडी खांब, त्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र आणि सूर्य. वाघबारशीला तिथे नारळ फुटतो. एरवी तिथली काटकीसुद्धा कुणी चुलीसाठी उचलत नाही. चैत्याबाबा पाड्यावरचे सगळ्यात वडील, ते काठी टेकून पुढे आले आणि म्हणाले, "इथली नाय मोजायची." मी कारण विचारलं. "खळ्यावर भात मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणता का तुमी? 'लाभ' म्हणता. का, तर मोजलं का घटतं. आणि देवाचं मोजलं का ते देवाचं राहत नाय, मोजणाऱ्याचं होतं." कल्पिता, मला ते इतकं भावलं की मी ते वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. बसने परत येताना मनात घोळवत होतो, चाल लावून बघत होतो. तक्त्यात मात्र त्यातलं एक अक्षर लिहिलं नाही. क चा रकाना कोरा ठेवला आणि ड कडे वळलो.

पुढचं तुला माहीत आहे. कंपनीचं उत्तर कोर्टात आलं आणि त्याची प्रत घेऊन तू पाड्यावर आलीस. समाजमंदिरात सगळे जमले होते. तू वाचून दाखवलंस: भाग क हे क्षेत्र पडीक व वृक्षविरहित आहे, खुद्द ग्रामसभेच्या तक्त्यात तशी नोंद आहे. मग तो कागद हातात वर धरलास. रकाना क: निरंक. "हा सगळा तक्ता गुरुजींच्या शाईपेनाचा आहे," तू म्हणालीस, "आणि हा एकच शब्द बारीक, बॉलपेनचा. हा कुणी लिहिला?" मी माझा चष्मा पुसायला घेतला. आधी उत्तर चैत्याबाबांनी दिलं. "गुरुजी असं लिहील? आमच्या पोरांना बाराखडी दिली त्या माणसानी. तक्ता साहेबाकडे नेला कोणी? सुनिलनी. त्याच्या थैलीत होता." सगळ्या माना दाराकडे वळल्या. सुनिल दाराशी उभा होता, वनरक्षकाच्या खाकी कपड्यांत, ड्युटीवरून सरळ आलेला. करंजपाड्याचाच, पुढे मी आश्रमशाळेवर होतो तेव्हा माझ्या हाताखाली शिकलेला, कचेरीत रोज जाणारा म्हणून तक्ता त्याच्याजवळ दिला होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला माहीत नाय." टोपी घातली आणि गेला.

तू याचिकेत परिच्छेद नऊ घातलास: सदर नोंद बनावट असून मागाहून घुसडलेली आहे. त्या परिच्छेदाने आपल्याला स्थगिती मिळाली. आणि त्याच परिच्छेदाने, आठ दिवसांनी, सुनिल निलंबित झाला.

हे चार महिने तो घरी बसून आहे. पाड्यावर एखाद्याला वाळीत टाकलं असं कुणी म्हणत नाही, हल्ली तो गुन्हा आहे. फक्त त्याच्या अंगणात कुणी थांबत नाही. लग्नात तारपा वाजला तेव्हा तो आणि त्याची बायको संगिता नाचाच्या फेरात शिरले आणि फेर तिथेच सुटला. संगिता एकदा इथे आशागडला आली होती. चपला ओट्याखाली काढून उभीच राहिली. "गुरुजी, हापशावर मी गेले का बाया आपले हंडे उचलून घेतात. नवशीकाकू बोलते, वाघ विकून खाल्लास, आता पाणीपण विक. ह्यांना विचारलं तर एकच बोलतात, गुरुजींना विचार. तर विचारायला आले. तुमी ग्रामसभेत सांगाल का, माझा नवरा तसा नाय म्हणून?" मी म्हटलं, सांगेन. तिला चहा दिला. आणि वर, लाज वाटते लिहायला, तिला धीराची एक जुनी कविता म्हणून दाखवली, चार कडवी, चालीवर. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "छान आहे. मग सांगाल ना?" त्या महिन्यात ग्रामसभा झाली. इतिवृत्त मी लिहिलं. सुनिलबद्दल मी तोंड उघडलं नाही.

तुला कळलं असेल एव्हाना. 'निरंक' मी लिहिलं.

तक्ता द्यायच्या दिवशी मी सुनिलबरोबर कचेरीपर्यंत गेलो होतो, हे मी कुणाला सांगितलं नाही आणि त्यानेही नाही. फाटकाशी त्याने कागद चाळले. "गुरुजी, क कोरा आहे. खाली छापलंय बघा, कोणताही रकाना रिक्त ठेवू नये. परत पाठवतील." मी म्हटलं, ती झाडं मोजलेलीच नाहीत. "मग तसं लिहा ना." रकाना अंगठ्याच्या नखाएवढा. त्यात चैत्याबाबांचं बोलणं कसं मावणार? माझ्या पेनातली शाई संपली होती. सुनिलने खिशातला बॉलपेन दिला, मी मोटरसायकलच्या सीटवर कागद ठेवला आणि लिहिलं, निरंक. विचार करून लिहिलं असतं तर निदान गुन्हा म्हणता आला असता. माझा हात तो शब्द मला न विचारता लिहितो. चाळीस वर्षं दर महिन्याला शाळेचे तक्ते भरले: साथीचे रोग, निरंक. पालकांच्या तक्रारी, निरंक. अपघात, निरंक. एका पावसाळ्यात वर्गात मुलाला साप चावला होता, त्या महिन्यातही अपघातापुढे निरंकच गेलं, कारण मुलगा वाचला होता आणि खरं लिहिलं तर वर दोन पानांचा खुलासा मागतात. ज्याला जागा नाही ते निरंक. ही सवय आमच्या जातीची, कल्पिता, मास्तरांच्या जातीची. सुनिलने वाचून विचारलंसुद्धा, "हे चालेल ना?" मी म्हटलं, चालतं रे, हे तक्ते वाचतो कोण?

मग गप्प का बसलो? समाजमंदिरात तू कागद वर धरलास तेव्हाच दोन शब्दांत संपलं असतं. पण तू माझ्याकडे बघत होतीस. मुंबईत हायकोर्टात उभी राहणारी माझी विद्यार्थिनी, माझ्या एका फोनवर फी न घेता आलेली, सगळ्यांदेखत म्हणाली होतीस की बाकीचा तक्ता बघा, एका काना-मात्रेची चूक नाही, हे आमचे गुरुजी. त्या वाक्यातून खाली उतरायला मला जमलं नाही. पुढे रोज वाटायचं, आज सांगू. मग रोज एखादं कारण सापडायचं: स्थगिती मिळाली आहे, आता सांगितलं तर ती जाईल, रानासाठी गप्प बसलं पाहिजे. कवितेने मला खोटं बोलायला शिकवलं नसेल, पण गप्प बसण्याची फार सुंदर कारणं दिली.

तुझ्या फोनने ती सगळी कारणं एका झटक्यात गेली. तज्ज्ञ तो शब्द माझा म्हणणार. मग परिच्छेद नऊ पडेल, त्याच्याबरोबर तू पडशील, आणि कंपनी म्हणेल की ग्रामसभा आपल्याच माणसाचं अक्षर बनावट म्हणते, अशांना स्थगिती कशाची? रान तिथल्या तिथे गेलं.

म्हणून शनिवारी सकाळी पाड्यावर गेलो आणि राखण बसलेल्या बायांसमोर, चैत्याबाबांसमोर सांगितलं. उभं राहून सांगितलं, बसायला कुणी म्हटलं तरी बसलो नाही. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. नवशी म्हणाली, "म्हणजे आमी संगिताला..." आणि वाक्य पुरं न करता उठून सुनिलच्या घराकडे चालायला लागली. चैत्याबाबा काठीच्या टोकाने माती उकरत होते. मग म्हणाले, "जागा नव्हती तर आमाला विचारायचं. आमी सांगितलं असतं, पाठीमागं लिहा. कागदाला पाठ असते ना, गुरुजी?"



मग प्रश्न आला गुरुवारचा. कोर्टाला दाखवायचं काय? मी म्हटलं, आता मोजावीच लागतील. बाबा म्हणाले, नाय. पुन्हा म्हटलं, पुन्हा नाय. नवशीचा लाहू, जो मोबाइलवर सगळ्या आंदोलनाची चित्रं काढत असतो, तो तडकला. "बाबा, आपण नाय मोजली तर तो मुनीम मोजील. ओंडके करून, ट्रकात चढवून मोजील. ते चालेल देवाला?" म्हाताऱ्याचा चेहरा असा झाला की लाहूच घाबरला. बाबा उठले, एकटे रानात गेले. खांबापाशी बसले असतील, नसतील, मला दिसलं नाही. परत आले ते बोलतच. "झाडं नाय मोजायची. माणसं मोजा. एका झाडापाशी एक माणूस उभा करा. झाडाचं नाव नाय लिहायचं, माणसाचं लिहा. माणसं मोजल्यानी देवाला राग नाय."

काल रविवारी ते झालं. चार पाड्यांची माणसं आली. बाबांनी खांबाला नारळ दिला, आणि मग एकेक जण जाऊन झाडाला पाठ लावून उभा राहायला लागला. मी वही घेऊन फिरत होतो. नाव, वय, पाडा. म्हाताऱ्या होत्या, दोन पोरं कडेवर घेतलेल्या बाया होत्या, उधव्याच्या बाजाराला निघालेले चौघे पिशव्यांसकट उभे होते. बारकीला सातवा महिना आहे, ती म्हणाली, "गुरुजी, माझ्यात दोन जण आहेत, दोन झाडं लिहा." पलीकडच्या झाडापासून नवशी ओरडली, "बाहेर येऊ दे, मग लिहू त्याचं." मुनीम रस्त्यावर मोटरसायकल थांबवून बघत होता. काल त्याने कागद काढला नाही, फोन काढला. लाहूने तिकडे बघून त्याचंही चित्र काढलं. हसणं होतं, पण ओढ्याकडच्या बाजूला माणसं संपत आली आणि झाडं संपेनात. सात-आठ तरी राहिली होती. माणसाविना राहिलेलं झाड कोर्टाच्या लेखी नसलेलं झाड, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं.

तेवढ्यात नवशी आपलं झाड सोडून गेली, "माझं नाव लिवलंय ना? मग झाड पळत नाय," असं म्हणत, आणि संगिताचा हात धरून परत आली. मागून सुनिलची आई, सुनिलचे दोघे भाऊ, आणि सगळ्यात शेवटी सुनिल. तो शेवटच्या ओळीतल्या कुसुंबापाशी उभा राहिला. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, तू अजून सरकारी माणूस आहेस, या वहीत नाव आलं तर चौकशीत तुझ्यावर येईल. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "लिहा गुरुजी," म्हणाला. "फक्त या वेळी तुमच्या पेनानी लिहा."  मी त्याचं नाव लिहिलं. लिहून झाल्यावर विचारलं, तू सांगितलं का नाहीस? "तुमी सांगाल म्हणून थांबलो," तो म्हणाला. "रोज वाटायचं, आज सांगतील."

नाक्यावरून दोन माणसं चालत आली. ठेकेदाराचे कापणारे मजूर, महिनाभर बसून असलेले, बोलीवरून राज्याच्या हद्दीपलीकडचे. दोन रिकाम्या झाडांपाशी जाऊन उभे राहिले. नाव विचारलं तर मान हलवली, "नाव नको, ठेकेदार काढून टाकील." मी वहीत तसंच लिहिलं: दोन इसम, नावे सांगत नाहीत, उभे आहेत. एकूण तीनशे चौऱ्याण्णव नावं आणि ते दोघे.

एक झाड उरलं. ओढ्याच्या काठचा जुना बेहडा. आता झाडाविना उरलेला, वही हातात असलेला मी एकटाच माणूस होतो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग बाबांकडे. मी वही मिटलीसुद्धा होती. बाबा म्हणाले, "ते राहू दे. सगळीच मोजायची नसतात." मला कुणी ते झाड दिलं नाही, मीही मागितलं नाही. नोंदीच्या शेवटी लिहिलं: याखेरीज एक झाड न मोजलेले आहे.

वहीची प्रत, लाहूने काढलेली चित्रं आणि चैत्याबाबांचं म्हणणं, जे मी गेल्या वर्षी मागच्या पानावर उतरवलं होतं, अंगठ्यासह, या पाकिटात आहे. कायद्यात ते कुठे आणि कसं बसतं ते तू बघ. रान वाचेल की नाही मला सांगता येत नाही. बनावट नोंदीच्या मुद्द्यापेक्षा ही बाजू लंगडी दिसेल, हेही मला कळतं.

आता तुला वाटेल की फोनवर दोन मिनिटांत सांगायचं ते म्हाताऱ्याने इतकी पानं लांबवलं. मुद्दाम लांबवलंय. याचिकेला जोडायला तू माझं प्रतिज्ञापत्र टाइप करून आणलंस, 'सदर नोंद माझ्या हस्ताक्षरातील नाही', आणि विचारलंस, "गुरुजी, नीट वाचलंत ना? शपथेवर आहे." मी वाचलं होतं. सही केली. ते खोटं आहे. ते मागे घे, परिच्छेद नऊ काढून टाक, आणि त्या जागी हे पत्र जोड, सगळं, शाळेच्या आठवणींसकट. तज्ज्ञाला तुलनेसाठी माझं सलग अक्षर लागेल म्हणून हे शाईपेनाने लिहिलेलं नाही, बॉलपेनने लिहिलंय. प्रत्येक पानाच्या समासात सही आणि तारीख आहे. निरंक हा शब्द यात ठिकठिकाणी आलाय, त्यातला कोणताही उचलून त्या रकान्याशेजारी ठेवा. सुनिलच्या चौकशीतही हीच प्रत दे. उद्या हे पाकीट तोच घेऊन येतोय. मी ते चिकटवलेलं नाही, त्याने वाटेत वाचलं तर वाचू दे. माझ्यावर खोट्या शपथेची जी कारवाई व्हायची ती होईल, त्यात माझं वकीलपत्र तू घेऊ नकोस. तुला माझ्यामुळे न्यायाधीशांपुढे खाली बघावं लागेल, त्याची माफी या कागदावर मागत नाही, समोर येऊन मागेन. गुरुवारी सकाळी दहाला मी कोर्टाच्या दाराशी असेन. आत पुकारा होईल तेव्हा मला माझ्या पूर्ण नावाने हाक मार. त्या दिवशी गुरुजी म्हणू नकोस.

तुझाच,
भालचंद्र पांडुरंग चुरी